दुपारी येणारा ताप

आकाश ओव्हाळचा लॅपटॉप ऑगस्टात तापायला लागला, तेव्हा घरात कुणाचाच विश्वास बसेना. मे महिन्यात, कपाळावरून घाम निथळत असताना, हा लॅपटॉप गुण्यागोविंदाने गार राहिला होता. आणि आता लोणावळ्यात सूर्याने तोंड दाखवायचं सोडून दिलं होतं, भर दुपारी दिवे लावावे लागत होते, माणसं घरातल्या घरात स्वेटर घालून हिंडत होती, तर याला ताप चढत होता. तोही रोज ठरल्या वेळी. आकाश जेवून, हात धुऊन, व्हरांड्यात चार फेऱ्या मारून परत आला की लॅपटॉपचा पंखा जिवाच्या आकांताने घुरघुरत असायचा. आकाश खुर्ची पुढे ओढायचा आणि पडदा काळा व्हायचा.

"गेला!" आकाश ओरडला.

"कोण गेलं?" त्याची आई नंदाबाई स्वयंपाकघरातून पळत आल्या.

"लॅपटॉप गेला. परत तापून बंद पडला."

"मग तसं म्हण की. माज्या काळजाचं पाणी पाणी झालं."

आकाशचे वडील रतनराव दारातच उभे होते. रतनराव रेल्वेतून निवृत्त झालेले. खंडाळ्याचा घाट उतरण्याआधी मालगाडी लोणावळ्याला थांबली की तिच्या चाकांचे एक्सल तापले आहेत का, ते हात लावून बघायचं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. तेव्हापासून जगातली कुठलीही गरम वस्तू आपल्या अधिकारात येते, असं त्यांचं मत होतं. घरातल्या माणसाला ताप आला तरी ते थर्मामीटरला जवळ येऊ देत नसत.

"सरक," म्हणून त्यांनी लॅपटॉपला उलटा हात लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला. "हॉट एक्सल. बेरिंग गेलंय."

"आबा, याला एक्सल नसतो."

"आत कायतरी फिरतंय का न्हाई? मग एक्सल असतोच."

आकाशची बायको प्रेरणा आतल्या खोलीत कंपनीत जायची तयारी करत होती. तिथूनच ती म्हणाली, "अरे, तू त्याच्यावर कामच इतकं करतोस."

"तेच तर कळत नाहीये! मी काम करतो तोवर गार असतो. मी उठलो की तापतो."

"मग उठू नकोस," प्रेरणा म्हणाली आणि बस पकडायला पळाली.

आकाशला हसू आलं नाही, कारण प्रश्न नुसत्या लॅपटॉपचा नव्हता. गाड्यांच्या सुट्या भागांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायची, तो भाग किती वजन सोसेल याचं गणित मशीनकडून करून घ्यायचं, असं त्याचं काम. त्याची सगळी टीम हैदराबादला बसायची. लग्न झालं तेव्हा तोही तिथेच होता, आणि प्रेरणा इकडे जवळच्याच नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात. म्हणजे लग्न झालं, पण संसार फोनवर. शेवटी पुण्याच्या ऑफिसातल्या त्याच्या वरिष्ठ अनघा मॅडमनी वर शब्द टाकला आणि आकाशला लोणावळ्यातून काम करायची परवानगी मिळाली, तीही दिवाळीपर्यंत चाचणी म्हणून. तो आला तेव्हापासून घराला घरपण आलं होतं. नंदाबाई पुन्हा दोन भाज्या करायला लागल्या होत्या, रतनराव जेवताना बोलायला लागले होते, आणि प्रेरणा गाणं म्हणते ही गोष्ट तिच्या सासू-सासऱ्यांना नव्यानेच कळली होती.

आता या ठोकळ्याला रोज दुपारी ताप येऊन परवानगी गेली, तर बॅग भरून परत हैदराबाद.

दुसऱ्या दिवशी अनघा मॅडमचा फोन आलाच.

"आकाश, तुझं काही बिनसलंय का?"

"नाही मॅडम. का?"

"काल दुपारी तू मला नुसतं के के के के लिहून पाठवलंस. ओळीच्या ओळी. मी आधी समजले, ओके म्हणायचंय. पण कशाला ओके? मी काही विचारलंच नव्हतं."

आकाशने पाठवलेले निरोप उघडून पाहिले. खरंच के होते, पडदाभर. वेळ पाहिली, तर तो तेव्हा आमटी-भात खात होता. "मॅडम, मी जेवत होतो."

"जेवताना पाठवलंस?"

"जेवताना लॅपटॉप या खोलीत होता आणि मी त्या खोलीत."

मॅडमचा आवाज बदलला. "हे बघ, मी स्पष्टच विचारते. आयटीचे बाजीराव म्हणतात, तुझं मशीन रोज जेवणाच्या सुट्टीत भयंकर तापतं. तेच गणित हैदराबादची पोरंही चालवतात, त्यांची मशिनं तापत नाहीत. बाजीरावांना वाटतंय, तू त्या वेळात मशीनवर दुसऱ्या कुणाचं तरी काम करतोस."

"दुसऱ्या कुणाचं?"

"दुसरी नोकरी, आकाश."

एक नोकरी टिकवताना आकाशच्या नाकी नऊ आले होते आणि हे लोक त्याला दुसरी चिकटवत होते. बरं, नाही म्हणावं तर मशीन तापत होतंच. आणि ते के कुणी पाठवले, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. त्या रात्री अंथरुणावर पडून त्याने, माणसं झोपेत चालतात तसे आपण जेवताना टाइप करतो का, असा विचारही करून पाहिला.

शेवटी लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, छत्री धरून तो बाजारात पवनकडे गेला. पवन त्याचा शाळेतला मित्र. चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत त्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पवनने लॅपटॉपवर लढाईचा एक अवजड खेळ लावून दिला आणि दोघं चहा पीत बसले. खेळ सुरू, बॉम्ब फुटतायत, दुपार सरली, पण लॅपटॉप गार तो गारच.

"काय झालंय याला?" पवन म्हणाला. "ठणठणीत आहे."

"घरी तापतो रे!"

"थांब, खोलून बघू." पवनने पाठीचे स्क्रू काढले, आत डोकावला. मग चिमट्याने एकेक वस्तू कागदावर ठेवत गेला. "हे मीठ आहे."

"मीठ?"

"चाखून बघ हवं तर. हा पापडाचा तुकडा. उडदाचा दिसतोय. आणि ही करडी लव बघ, पंख्यात भरून राहिलीय. आक्या, तू हा लॅपटॉप मोज्यात घालून ठेवतोस का?"

"मी टेबलावर बिस्कीटसुद्धा खात नाही!"

"मग मीठ कुठून आलं?"

"तेच तुला विचारतोय!"

पवनने मित्राकडे जरा काळजीने पाहिलं. घरून काम करणाऱ्या माणसांच्या डोक्यावर परिणाम होतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. पण दोस्तीखातर त्याने पंखा साफ केला आणि एक जाळीदार स्टँड दिला. "हा खाली ठेव. खालून हवा खेळली की पोटाला गारवा मिळतो. तरीही तापला, तर मग तुझ्या घरातच काहीतरी आहे."

घरात काहीतरी होतंच. आकाशला ते दिसत नव्हतं, एवढंच. आपल्याला दिसायला हरकत नाही.

लोणावळ्यात पावसाळा काढायचा, तर घरात एक तरी उबदार जागा लागते. बाहेरगावच्या माणसांना वाटतं, पाऊस म्हणजे भुशी धरणावर जायचं, भिजायचं, कणीस खायचं आणि घरी जायचं. इथल्या माणसांना घरी जायचं नसतं, ती घरीच असतात, आणि पाऊसही त्यांच्याबरोबर घरात असतो. मिठाला पाझर फुटतो. काडी पेटीवर ओढली की गुल नुसता घासला जातो. पापडाची रुमालासारखी घडी होते. धुतलेले कपडे वाळतात की नाही हे हाताला कळत नाही, नाकालाच कळतं.

ओव्हाळांच्या घरातली उबदार जागा म्हणजे पूर्वी त्यांचा जुना, पेटीसारखा टीव्ही. त्याच्या पाठीवर आकाशच्या शाळेतल्या सगळ्या पावसाळ्यांचे मोजे वाळले होते. मग भिंतीवरचा चपटा टीव्ही आला, तो कामाचा नव्हता. पिवळे दिवे जाऊन पांढरे आले, त्यांच्याखाली हात धरला तर हातच गार पडायचा. घर असं हळूहळू गारठत गेलं. आणि त्यातच आकाश हैदराबादहून आला आणि टेबलावर त्याने लॅपटॉप मांडला.

नंदाबाईंना पहिल्यांदा शोध लागला तो टेबल पुसताना. आकाश जेवायला उठण्याआधी ते मोठं गणित लावून जायचा, त्यामुळे लॅपटॉप छान कोमट व्हायचा. काम मध्येच थांबू नये म्हणून पडद्याचं कुलूपही काढलेलं असायचं. नंदाबाईंनी बटणांवर मिठाची वाटी ठेवून पाहिली. आकाशची दुसरी भाकरी होईपर्यंत मीठ सुटसुटीत झालं. मग काडेपेटी आणि मग, धीर चेपल्यावर, पापड.

रतनरावांचा शोध स्वतंत्र होता. सकाळचा पेपर इतका ओला यायचा की पान उलटताना दोन पानं एकदम यायची आणि अर्ध्या बातम्या तशाच राहायच्या. रेल्वेच्या सवयीने त्यांचं जेवण बाराच्या ठोक्याला उरकलेलं असे. नंदाबाई आत भाकऱ्या थापत असताना ते हळूच येऊन लॅपटॉपवर पेपर पसरायचे, उलट्या हाताने अंदाज घ्यायचे आणि कुरकुरीत झाला की घेऊन जायचे.

आणि प्रेरणा? तिची दुसरी पाळी. कारखान्यात लोखंडी टोपीचे जाड बूट पाळीभर पायात. ओले मोजे घालून त्या बुटात आठ तास उभं राहिलेल्या माणसालाच तिचं दुःख कळेल. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला गरम वारा सोडणारी फट असते, हे तिला एकदा आकाशला पाणी द्यायला आली तेव्हा समजलं. आकाश व्हरांड्यात फेऱ्या मारत असताना ती त्या फटीला आपले करडे मोजे लावायची आणि बस धरायच्या आधी काढून घ्यायची.

तिघांपैकी कुणालाच दुसऱ्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्याची वस्तू दिसलीच, तर ती कुणी तिथे विसरून गेलं असेल, असं वाटायचं. प्रत्येकाला वाटत होतं, आपलं एवढंसं तर आहे. आणि लॅपटॉप तापतो म्हणून आपल्या वस्तू वाळतात, एवढंच गणित प्रत्येकाने केलं होतं. ते उलट्या बाजूनेही करता येतं, हे त्या घरात कुणाच्याही डोक्यात आलं नाही, आणि घरात एक इंजिनिअर होता.

पवनचा स्टँड आला आणि सगळंच बिघडलं. लॅपटॉप उंच झाला, म्हणजे त्याच्याखाली एक मजला तयार झाला. जाळी, खालून वारा, वरून ऊब. नंदाबाईंनी त्या मजल्यावर पापडांची चळत ठेवली. रतनरावांनी पेपरबरोबर आपली कानटोपी आणली. प्रेरणाने आठवड्याचे मोजे एकदम धुतले. पूर्वी वस्तू पाहुण्यासारख्या येऊन जायच्या, आता त्यांचा मुक्काम वाढला.

आकाश मात्र पार भंजाळून गेला. नवीन स्टँड, साफ केलेला पंखा, आणि ताप आधीपेक्षा जास्त! त्याने टेबल खिडकीशी नेलं. मग भिंतीशी नेलं. मग रतनरावांच्या सांगण्यावरून खोलीच्या मधोमध आणलं. वायरमनला बोलावून पिन बदलून घेतली. जेवताना त्याचं लक्ष लागेना. "आई, मीठ कुठंय?" विचारलं की नंदाबाई, "थांब, आणते," म्हणून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायच्या, हे त्याने पाहिलं होतं. पण डोक्यात इतका गोंधळ होता की मीठ बाहेरच्या खोलीत का, हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

गुरुवारी संध्याकाळी अनघा मॅडमनी शेवटचं सांगितलं. "उद्या जेवायला जाशील तेव्हा मीटिंग चालू ठेव. कॅमेरा, माइक, सगळं चालू. मी आणि बाजीराव बघत बसतो. काही निघालं नाही तर मी तुझ्या बाजूने बोलेन. पण काही निघालं, आकाश, तर पहिल्या तारखेपासून हैदराबाद. नाहीतर राजीनामा. माझ्या हातात काही राहणार नाही."

आकाशने रात्री घरात सांगितलं. कॅमेऱ्याचं नाही सांगितलं, कारण ते त्याला स्वतःलाच अपमानाचं वाटत होतं. नुसतं एवढंच म्हणाला, "उद्या मशीन तापलं, तर मला जावं लागेल." प्रेरणाने ताटातला भात नुसताच चिवडला. नंदाबाईंनी पदराने डोळे पुसले.

शुक्रवारी आकाशने गणित लावलं, मीटिंग लावली, लॅपटॉपकडे शेवटचं बघावं तसं बघितलं आणि तो जेवायला गेला. पुण्यात अनघा मॅडम डबा उघडून बसल्या. बाजीराव वही-पेन घेऊन बसले. आपापले कॅमेरे आणि माइक दोघांनी बंद ठेवले होते. पडद्यावर ओव्हाळांची रिकामी खुर्ची आणि मागची भिंत दिसत होती.

थोड्या वेळाने पडदाभर एका बाईचा चेहरा आला. नाकात चमकी, कपाळाला आठ्या. चेहऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, बटणांवर काहीतरी ठेवलं, खाली काहीतरी सरकवलं आणि तो निघून गेला. लगेच मॅडमच्या मीटिंगमधल्या निरोपाच्या चौकटीत के के के के सुरू झालं.

"मॅडम, सुरू झालं," बाजीराव म्हणाले.

"काय सुरू झालं?"

"ते कळत नाही."

मग पांढऱ्या मिशा आल्या. एक उलटा हात अगदी कॅमेऱ्याजवळ आला, थांबला, समाधानाने मागे गेला. आणि पडदा झाकला गेला. आता पुण्यात नुसता छापील मजकूर दिसत होता, जरा अंधुक. बाजीराव पुढे झुकले. "राशिभविष्य आहे, मॅडम. कर्क दिसतेय. 'वरिष्ठांची मर्जी...' पुढचं घडीत गेलंय."

तेवढ्यात आवाज ऐकू आला.

"अवो, ह्ये काय करताय तुमी?"

"तू काय करतीयास हितं?"

"मी... मीठ न्यायला आले."

"मीठ हितं कशाला आसंल?"

"आन तुमचा पेपर हितं कशाला हाय?"

मग तिसरा, तरुण आवाज. "आई, आबा, जरा सरकता का? माझी बस चुकेल. माझे मोजे..."

पुण्यात अनघा मॅडमचा घास हातातच राहिला.

"तू पन व्हय गं?" नंदाबाई म्हणाल्या.

"आई, जाड बूट असतात हो. ओल्या मोज्यांनी पायाला भेगा पडतात."

"मग मला सांगायचं की. तुज्यासाटी पापड जरा तिकडं सरकवले आस्ते." नंदाबाईंचा आवाज खाली आला. "पर आकाशला बोलू नका बरं का कुणी. त्यो आधीच लय घोरात हाय त्या मशिनीच्या. रातभर कूस बदलत व्हता."

"मी तर म्हनतो बेरिंगच हाय," रतनराव म्हणाले. "पर पोरगं ऐकत न्हाई. आन त्ये पुन्याचं लोक तरी कसलं! आपला पोरगा चोरून कामं करंल व्हय? उगं तापतंय म्हनून हाकलून देनार."

"का तापतं काय माहीत," प्रेरणा म्हणाली. "तो गेला ना आई, तर मी परत रोज फोन धरून बसायचं."

लॅपटॉपवर पेपर, पेपरावर कानटोपी, बटणांवर मिठाची वाटी, खाली पापड, बाजूला मोजे, आणि भोवती तीन माणसं, हा का तापतो या काळजीत. अनघा मॅडमना हसावं की रडावं ते कळेना. शेवटी त्यांनी कॅमेरा आणि माइक सुरू केले.

"काकू, तो पेपर जरा बाजूला करता का?"

पेपराखालून आवाज आलेला ऐकून नंदाबाई किंचाळल्या, रतनरावांनी झटक्यात पेपर ओढला, त्याबरोबर वाटी कलंडली आणि सुटसुटीत झालेलं सगळं मीठ बटणांच्या फटीत गेलं. किंकाळी ऐकून आकाश भाताच्या हाताने धावत आला. त्याला एका नजरेत सगळं दिसलं. पापड दिसले, मोजे दिसले, मीठ दिसलं, आणि पडद्यावर त्याच्या मॅडम दिसल्या. पंखा घुरघुरला आणि पडदा काळा झाला.

"गेला," आकाश म्हणाला. या वेळी अगदी हळू.

त्याला संताप यायला हवा होता. पण महिनाभर ज्याने डोकं पिकवलं, ते कोडं असं उडदाच्या पापडात सुटलेलं पाहून त्याला नुसतं मटकन बसावंसं वाटलं. तो बसला. नंदाबाईंना रडू आवरेना. "माज्या मिठापायी पोराची भाकर गेली," एवढंच त्या म्हणत राहिल्या. रतनरावांनी, कुणीही न विचारता, बेरिंग ठीक असल्याचं कबूल केलं. प्रेरणाची बस गेली, मग तिने त्या दिवशी सुट्टीच टाकली.

संध्याकाळी फोन आला. मॅडमच्या आवाजावरून काही अंदाज लागेना. "बाजीरावांनी तुला दुसरं मशीन मंजूर केलंय. उद्या आमच्या घरची मंडळी भुशीला यायचीच आहेत. मी देऊन जाते. बाकीचं समक्ष बोलू."

बाकीचं म्हणजे काय, यावर ओव्हाळांच्या घरात रात्रभर चर्चा झाली. समक्ष म्हणजे वाईटच, असं रतनरावांचं मत पडलं. रेल्वेत चांगली बातमी कधी कुणी समक्ष दिली नव्हती.

शनिवारी भुशीच्या रस्त्यावर गाड्या इंचभरही हलत नव्हत्या. नवऱ्याला आणि मुलीला गाडीतच ठेवून अनघा मॅडम पिशवी पोटाशी धरून चालत आल्या. दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या ओढणीतून, बाह्यांतून, बुटांतून पाणी गळत होतं. भुशीला सकाळी सगळे भिजून झाले होते, आणि उरलंसुरलं रस्त्यात झालं होतं.

नंदाबाईंनी टॉवेल दिला. तोही ओलसरच होता. "बसा, मॅडम. च्या ठेवते. माजं लय चुकलं बगा."

"अहो काकू, असू द्या." मॅडमना थंडीने नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी पिशवीतून नवा लॅपटॉप काढला. वहीएवढा पातळ, चकचकीत. "याला पंखाच नाही. कितीही काम करा, तापणार नाही."

रतनरावांनी पुढे होऊन उलटा हात लावला. बराच वेळ ठेवला. मग मागे सरकले. "ह्यात जीवच न्हाई," ते म्हणाले.

जुन्यातलं सगळं काम नव्यात उतरवायचं होतं. जुन्याची बटणं मिठाने धरली होती, के तर दाबलेलाच राहिला होता, पण आतलं मशीन चालत होतं. आकाशने दोन्ही लॅपटॉप जोडले, माऊसने काम सुरू केलं. भलामोठा माल होता. जुना हळूहळू तापायला लागला, पंखा घुरघुरू लागला, डावीकडच्या फटीतून गरम वारा यायला लागला. चहा पिता पिता मॅडमची खुर्ची थोडी डावीकडे सरकली. मग आणखी थोडी. मग त्यांनी वाऱ्यासमोर हात धरला आणि डोळे मिटले.

ओव्हाळ मंडळी भिंतीकडे बघत बसली.

"काकू," डोळे न उघडता मॅडमनी विचारलं, "मोजे वाळायला किती वेळ लागतो?"

"पातळ आसतील तर च्या हुईस्तवर," नंदाबाई म्हणाल्या. "जाड आसतील तर प्रेरणाला इचारा."

प्रेरणा उठली, मॅडमचे मोजे घट्ट पिळून आणले आणि सरावाच्या हाताने फटीला लावले. रतनरावांनी उलट्या हाताने अंदाज घेतला. "ओढणी पन द्या. वर पसरू. बेरिंग चांगलं हाय."

दुसरा चहा झाला. मॅडमनी कोरडे, कोमट मोजे पायात चढवले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं, की आकाशला वाटलं, आता विचारायला हरकत नाही. "मॅडम, ते हैदराबादचं..."

"कुठलं हैदराबाद?" मॅडम म्हणाल्या. "मी वर कळवलंय, स्थानिक हवामानाचा प्रश्न होता, सुटला. तू इथेच. दिवाळीनंतरही." प्रेरणाने सगळ्यांसमोर आकाशचा हात धरला आणि सोडलाही नाही. मॅडम दारापर्यंत गेल्या. आकाश जुना लॅपटॉप पिशवीत घालायला लागला, तशा त्या मागे वळल्या. "तो राहू दे इथेच. जादा म्हणून ठेव."

सोमवारी दुपारी नवा लॅपटॉप टेबलावर गारठून पडला होता. जुना स्वयंपाकघरात फडताळाच्या खालच्या फळीवर होता. आकाशने जेवायच्या आधी त्याला एक बिनकामाचं, कधीच न संपणारं गणित लावून दिलं होतं. वर पेपर, खाली पापड, डावीकडे मोजे. सगळं उघडउघड.

पुण्यात बाजीराव धावत अनघा मॅडमच्या टेबलाशी आले. "मॅडम, लोणावळ्याचं मशीन परत तापलंय. पहिल्यापेक्षा जास्त. बंद करू का इथून?"

मॅडमनी खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं.

"तापू द्या," त्या म्हणाल्या. "रविवारी आम्ही परत जातोय."